खुब्यातला चेंडू का ढासळतो?

ज्वारी कापणारा विळा वऱ्हाडात कोणाला माहीत नाही? पण शरीरातल्या तांबड्या रक्तपेशींनीच विळ्याचा आकार घेतला, तर त्याचे घाव हाडांनाही सोसावे लागतात. या विकाराला 'सिकलसेल' म्हणतात आणि मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत विदर्भातल्या अनेक कुटुंबांत तो आढळतो. मध्य भारतातल्या त्याच्या आढळाची माहिती शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

पेशी वाकड्या कशा होतात?

तांबड्या पेशीतले हीमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्याच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, की हा विकार होतो. एवढ्याशा बदलामुळे, प्राणवायू कमी पडताच हीमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे बनतात आणि पेशी ताठ व वाकडी होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी जेमतेम १० ते २० दिवस. शिवाय ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकून वाट बंद करते.

हाड मरते म्हणजे काय?

हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. त्यात पेशी असतात आणि त्यांना रक्त लागते. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कमरेच्या हाडातील खळग्यात बसते. हाच खुब्याचा उखळीचा सांधा. या चेंडूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या हाडाच्या मानेवरून वर चढतात. त्या तुंबल्या, तर दुसरी पुरेशी वाट नसते. मग चेंडूचा काही भाग मरतो. याला 'अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस' असे नाव आहे.

मेलेले हाड लगेच ढासळत नाही. त्याचा आकार काही काळ शाबूत राहतो. साध्या क्ष-किरण चित्रातही सुरुवातीला काही दिसत नाही. एमआरआय तपासणीत मात्र दोष लवकर कळतो. पुढे शरीर मेलेला भाग काढून नवा घालू लागते. त्या काळात हाड कमकुवत असते आणि रोजच्या भाराने चेंडू चपटा होतो.

भार किती?

समजा, तुमचे वजन ५० किलो आहे. चालताना एका पायावर येताच खुब्यावर त्या पायाखेरीज उरलेले सुमारे ४२ किलो वजन असते. आता सांधा हा तरफेचा टेकू माना. वजन टेकूपासून १० सेंमीवर आहे. तोल सावरणारे नितंबाचे स्नायू दुसऱ्या बाजूला ५ सेंमीवर आहेत. म्हणून,

४२ × १० = स्नायूचा जोर × ५

स्नायूचा जोर ८४ किलो-भार येतो. सांध्यावर दोन्हींची बेरीज पडते: ४२ + ८४ = १२६. म्हणजे वजनाच्या अडीचपट! पाऊल टाकताना दर वेळी कमकुवत चेंडूला एवढे सोसावे लागते.

शल्यविशारद काय करतात?

चेंडू अजून गोल असेल, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूने गिरमिटाने मानेतून चेंडूपर्यंत बोगदा पाडतात. त्यामुळे आतला दाब कमी होतो. कधी त्यात कमरेच्या हाडाचा तुकडा भरतात. मात्र याचा उपयोग वेळेवर केला तरच होतो.

चेंडू ढासळला आणि वेदना असह्य झाल्या, की सांधा बदलण्याचा विचार होतो. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली आणि त्या रुग्णांना त्रास झाला. मग नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिइथिलीनची वाटी वापरली. तिच्यात सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा पोलादी चेंडू फिरे आणि दोन्ही भाग अॅक्रिलिक सिमेंटने हाडात घट्ट बसवलेले असत. आज खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागाचे टायटॅनियमचे भागही वापरतात. हाड त्या छिद्रांत वाढून त्यांना धरून ठेवते.

सिकलसेलच्या रुग्णात काम अवघड असते. हाडाची पोकळी कठीण होऊन बुजलेली असू शकते, जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी शरीर उबदार ठेवावे लागते, पाणी व प्राणवायू कमी पडू देता येत नाही. जरूर तर आधी रक्त द्यावे लागते. शिवाय रुग्ण तरुण असतो. वाटीचे झिजलेले कण भोवतालचे हाड पोखरतात, सांधा सैल होतो आणि आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणून आपला चेंडू टिकवणे हेच उत्तम.

आपण काय करावे?

वर्गातला एखादा मुलगा जांघेत किंवा गुडघ्यात दुखते म्हणून लंगडत असेल, तर तो खेळ चुकवतो आहे असे समजू नये. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. सिकलसेल संसर्गाने पसरत नाही. तो आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक आहोत की नाही, हे रक्ततपासणीने कळते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्याचे लक्ष्य २०४७ आहे.

गणित करून पाहा

उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात का धरावी? काठीवर ५ किलो भार टाकला आणि ती दुखऱ्या खुब्यापासून ४० सेंमीवर आहे असे धरा. वरच्याच रीतीने सांध्यावरचा भार काढा. तो १२६ वरून ८१ वर आला, तर तुमचे उत्तर बरोबर!