हरणाचा पाठलाग टाळा

शेताच्या कुंपणात अडकलेल्या हरणाला गराडा घालून किंवा पाठलाग करून पकडू नये. अति धावपळ व भीतीने त्याचे शरीर तापते, स्नायूंत आम्ल साचते, स्नायूपेशी फुटतात आणि त्यातील द्रव्यामुळे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. म्हणूनच सोडताना धडधाकट दिसलेले हरीण काही तासांनी वा दिवसांनी मरू शकते. वाचले तरी काही दिवस त्याची हालचाल मंदावते. मध्य प्रदेशातील पेंच येथे चितळ ‘बोमा’ पद्धतीने पकडले गेले. यात कळप नरसाळ्यासारख्या आडोशातून आत येतो व हाताळणीशिवाय वाहनात चढविला जातो. आपण कुत्री व गर्दी दूर ठेवावी, शांतता राखावी आणि त्वरित वनविभागास कळवावे.