आईबाबांचं अमेरिकी नागरिकत्व आणि इंग्रजीचा खर्च

मुलांकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या आईवडिलांच्या ग्रीनकार्डाला पाच वर्षं होत आली की घरात विषय निघतो: नागरिकत्वाचा अर्ज करायचा, पण इंग्रजीचं काय? मग कुणीतरी सांगतं, "पासष्टी उलटली की इंग्रजी माफ." हे ऐकून अर्ज भरू नका. नुसत्या वयावर माफी मिळत नाही. अर्जाच्या दिवशी वय ५० आणि ग्रीनकार्डावर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, असं दोन्ही जुळलं तरच इंग्रजी सुटतं. मग नागरिकशास्त्राची परीक्षा मराठीतून देता येते. दुभाषा मात्र स्वखर्चाने न्यायचा. सत्तराव्या वर्षी, सहा वर्षांच्या ग्रीनकार्डावर अर्ज करणाऱ्या आजींना इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागते.

नागरिकत्वाच्या एन-४०० या अर्जाची फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर ३८०, पण त्या सवलतीसाठी अर्ज कागदावरच करायचा. नापास झालात तरी फी परत मिळत नाही. ज्या भागात अडलात त्याची दुसरी संधी ६० ते ९० दिवसांत, जादा पैसे न घेता मिळते. तिथेही जमलं नाही तर अर्ज नामंजूर होतो, आणि फेरसुनावणी मागायची तर ऑनलाइन ७८० डॉलर. म्हणून तयारी झाल्यावरच अर्ज करा.

तयारीला मात्र पैसे लागत नाहीत. तीनपैकी एक वाक्य वाचायचं, तीनपैकी एक लिहायचं. त्यासाठीच्या शब्दांच्या याद्या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत: लिंकन, वॉशिंग्टन, फ्लॅग, टॅक्सेस, व्होट असे साधे शब्द. अर्थ कळत असेल तर स्पेलिंगच्या बारीकसारीक चुका चालतात. नागरिकशास्त्राचे १२८ प्रश्नही तिथेच आहेत; २० विचारतात, १२ बरोबर हवेत. शेकडो डॉलरची शिकवणी लावायची काहीच गरज नाही. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत इंग्रजीचे मोफत वर्ग असतात.

खरी अडचण बोलण्यात येते. अधिकारी अर्जातलेच प्रश्न विचारतो: कधी अटक झाली होती का, कर भरलात का, शपथ घ्यायची तयारी आहे का. घाबरून सगळ्याला "येस" म्हणणं महागात पडतं. समजलं नाही तर "प्लीज रिपीट" म्हणायला हरकत नसते. रोज संध्याकाळी नातवंडांनी अर्ज हातात घेऊन हे प्रश्न विचारावेत. यापेक्षा चांगला क्लास नाही.

इंग्रजी बोलण्याची अट १९०६ची, लिहिण्यावाचण्याची १९५०ची. सत्तरीतल्या माणसाचं नागरिकत्व यावर अडावं हे मला अन्यायाचं वाटतं. वयाच्या सवलतीची अट शिथिल व्हायलाच हवी. तरीही इंग्रजी शिका. मुलगा ऑफिसात असताना छातीत दुखलं तर फोनवर पत्ता सांगता आला पाहिजे. स्मृतिभ्रंशासारख्या आजारामुळे शिकणंच शक्य नसेल तर परीक्षेतून सूट मागण्याचा एन-६४८ हा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या. त्याला सरकारी फी नाही, डॉक्टरांची असू शकते.

शपथेनंतरचा खर्चही आधीच धरा: अमेरिकी पासपोर्ट १६५ डॉलर, भारतात येण्याजाण्यासाठीचं ओसीआय कार्ड २७५, शिवाय भारतीय पासपोर्ट परत करण्याची वेगळी फी. शपथेनंतर जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. घरात पुण्या-नाशिकला लग्न ठरलं असेल तर ही कागदपत्रं हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.