गाडीखालचा काळा डाग

शिरूर आणि दौंड तालुक्यांत जुन्या जीपगाड्या अजून दिसतात. त्या खताची पोती नेतात, बाजाराला माणसे नेतात. अशी गाडी रात्रभर अंगणात उभी राहते. सकाळी ती हलवावी, तर खाली काळा डाग! मालक म्हणतो, "जुनी गाडी हाय, गळायचीच." आणि वरून ऑइल ओततो.

नुसते ओतत राहणे हा इलाज नव्हे. घाईने इंजिन खोलणे हाही नव्हे. गळती कुठे आहे, ते आधी शोधावे.

बैलगाडीच्या आखाला आपण वंगण देतो. इंजिनात तर लोखंड मिनिटाला हजारदा आणि त्याहूनही जास्त फिरते. ऑइल संपले की लोखंड तापते आणि इंजिन जाम होते. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला निघालात आणि वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला, तर पुढचे गाव गाठू असे म्हणू नका. गाडी तिथेच बंद करा. पॅकिंग थोडक्यात होते. जाम झालेल्या इंजिनापायी कर्ज काढावे लागते.

आता गळती शोधू. ऑइल वरून खाली ओघळते. गाडी धावताना वाऱ्याने ते मागे पसरते. म्हणून जिथे थेंब पडतो, तिथेच गळते असे नाही. इंजिन थंड असताना रॉकेलच्या चिंधीने ते स्वच्छ पुसा. ते वाळू द्या. मग पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवा. इंजिन बंद करून बॅटरी घ्या आणि वरून खाली बघत या. आधी टॅपेट कव्हर, मग ऑइल फिल्टर, मग चेंबरचे पॅकिंग आणि ऑइल सोडायचा नट. जी सर्वांत वरची जागा ओली, तिथे गळती.

चेंबरचे बोल्ट ढिले असतील तर बेताने आवळा. पुष्कळजण सगळा जोर लावतात. त्याने पत्रा वाकतो, पॅकिंग चिरते आणि गळती वाढते. तेलकट पत्र्यावर एम-सील लावणेही फुकट. ते धरतच नाही.

कधी कधी सील बदलले तरी गळती थांबत नाही. तेव्हा असे बोलणे होते:

"मिस्त्री, दोनदा सील बदललं. तरी गळतंच की!"

"मालक, भात शिजताना झाकण का उडतं?"

"वाफ कोंडते म्हणून."

"तसंच हाय बघा. इंजिनात हवा कोंडली, की ती ऑइलला सीलमधून बाहेर ढकलती. ती हवा जायला ब्रीदरची नळी असती. तुमची नळी काजळीनं बुजलीय."

नळी साफ करणे हे अगदी हलके काम आहे. ते आधी करावे. नळी मोकळी असून ऑइल भरायच्या तोंडातून चुलीसारखा धूर येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. मग नवे सील घातले तरी ते फार दिवस टिकत नाही. (इंजिन चालू असताना धोतराचा सोगा किंवा पदर पंख्यापासून दूर ठेवा.)

रिंगांचे काम मोठ्या खर्चाचे. ते आत्ता करावे की थांबावे? इथे तुमचे लिहिणे उपयोगी पडते. एक वही करा. तारीख, किलोमीटरचा आकडा आणि किती ऑइल घातले, एवढेच लिहा. ऑइल पट्टीवर मोजावे: गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी. वरच्या खुणेच्या वर भरू नये. मागच्या ५०० किलोमीटरला पाव लिटर लागले आणि या ५०० ला अर्धा लिटर, तर गळती वाढते आहे. आकडा तोच राहिला, तर सुगीपर्यंत थांबता येईल. मात्र ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडत असेल तर थांबू नका. त्याने आग लागते.

गळणाऱ्या ऑइलखाली जुने घमेले ठेवा. ते विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. थोडे ऑइलही पाण्यावर दूरवर पसरते. डब्यात साठवा आणि वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.