साथीचे गणित आणि विद्वानांची बैठक

साथीच्या रोगाचे नाव निघाले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे वैद्य, औषध, लस आणि रुग्णालय ही चित्रे उभी राहतात. गणिताच्या वहीचे चित्र सहसा उभे राहत नाही. तथापि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मानवाने साथींशी जो सामना दिला, त्यात समीकरणांचाही वाटा आहे. साथ किती वेगाने वाढेल, केव्हा ओसरेल, किती जणांस लस टोचली असता ती थांबेल, या प्रश्नांची उत्तरे शोधणारे एक स्वतंत्र शास्त्रच आता निर्माण झाले आहे. ते कसे घडले, आणि त्याचे अभ्यासक लहान लहान परिषदांत, प्रसंगी मुलाबाळांसह, का एकत्र जमतात, याचा थोडक्यात परिचय करून देण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम एक सोपे उदाहरण घेऊ. एका रोग्यापासून सरासरी तिघांस रोग जडतो असे समजा. पहिल्या फेरीत ३ नवे रोगी, दुसरीत ९, तिसरीत २७; आणि दहाव्या फेरीत ही संख्या ५९,०४९ होते! आता त्या तिघांपैकी दोघांच्या अंगी लसीमुळे प्रतिकारशक्ती आली आहे असे धरू. मग एका रोग्यापासून एकासच रोग होईल व साथ वाढणार नाही. सुरक्षित माणसांचे प्रमाण दोन-तृतीयांशाहून थोडे जरी अधिक झाले, तरी साथ आपोआप विझू लागेल. 'एकापासून किती' या संख्येला आपण प्रसारांक म्हणू. प्रसारांक ३ असेल तर तिघांत दोघे, ४ असेल तर चौघांत तिघे सुरक्षित हवेत. गोवराचा प्रसारांक १२ ते १८ मानतात. तो १५ धरला, तर पंधरांत चौदा, म्हणजे शंभरांत सुमारे ९३ जण सुरक्षित असले पाहिजेत. गोवराची लस शंभरांतील निदान ९५ मुलांस मिळावी असा जो आग्रह धरला जातो, त्याचे मूळ या हिशेबात आहे. जे तान्हे बालक लस घेण्याच्या वयाचे नाही, त्याचेही रक्षण भोवतालच्या या सुरक्षित माणसांमुळे होते.

या विचाराचा उगम पाहू गेल्यास आपणांस हैदराबादेजवळच्या सिकंदराबादेस जावे लागते. तेथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांस एका डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. या शोधाबद्दल १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पुढे एक अडचण उभी राहिली. डास हे रोगाचे वाहन असले, तरी जगातील सारे डास मारणार कोण? रॉस यांनी याचे उत्तर गणिताने दिले. डासांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली उतरली, की हिवताप स्वतःस टिकवू शकत नाही. सारे डास मारण्याची गरजच नाही, असे त्यांनी सिद्ध करून दाखविले. मॉरिशस बेटासंबंधीच्या १९०८ च्या अहवालात व नंतरच्या ग्रंथांत त्यांनी हा विचार मांडला.

१९०१ मध्ये रॉस आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे गेले, तेव्हा त्यांच्यासोबत अँडरसन मॅकेंड्रिक नावाचे एक तरुण डॉक्टर होते. रॉस यांच्या सहवासात त्यांना गणिताची गोडी लागली. पुढे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये असताना, कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम करीत असताही, त्यांनी हा व्यासंग सोडला नाही. १९२० मध्ये ते एडिंबरो येथील प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. तेथे विल्यम कर्मॅक नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये प्रयोग चालू असता झालेल्या स्फोटाने या तरुणाची दृष्टी कायमची गेली. परंतु कर्मॅक यांनी धीर सोडला नाही. ज्यास फळा दिसत नाही, अशा या पुरुषाने मॅकेंड्रिक यांच्या सहकार्याने १९२७ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, तो आजही या शास्त्राचा पाया मानला जातो.

त्या निबंधातील एक प्रमुख कल्पना अशी आहे. गावातील माणसांचे तीन गट करावयाचे : ज्यांना अद्याप रोग झाला नाही पण होऊ शकेल असे; ज्यांना झाला आहे असे; आणि बरे होऊन अथवा मृत्यू पावून जे साथीच्या कक्षेबाहेर गेले असे. पहिल्या गटातून दुसऱ्यात व दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे कोणत्या वेगाने जातात, हे समीकरणांनी मांडावयाचे. त्यातून असे निघाले, की पहिला गट पुरता रिकामा होण्यापूर्वीच साथ ओसरते. कारण नवा बळी मिळण्यापूर्वीच बहुतेक रोगी बरे होतात वा मरतात.

आपले समीकरण पडताळण्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते मुंबईच्या प्लेगचे. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला, आणि त्याच्या अभ्यासासाठी परळ येथे जी प्रयोगशाळा उभी राहिली, तीच आज हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मृत्यूंचे साप्ताहिक आकडे या दोघांनी घेतले. सतराव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, आठवड्याला सुमारे नऊशे मृत्यू होत होते. पुढे ते उतरत गेले. समीकरणाची वक्ररेषा या आकड्यांशी चांगलीच जुळली.

मात्र येथे एक मेख आहे. प्लेग हा मूलतः उंदरांचा रोग असून, त्यांच्या अंगावरील पिसवांमार्फत तो माणसांत येतो. उंदरांची संख्या व ऋतुमान यांप्रमाणे त्याचा जोर बदलतो. समीकरणात मात्र उंदीर कोठेच नव्हते! ही उणीव त्या दोघांस ठाऊक होती व त्यांनी ती निबंधात नमूदही केली. आकडे जुळले म्हणजे कारण सापडलेच असे नव्हे, हा धडा प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. गणिती उंदीर जाणत नाही, प्राणिशास्त्रज्ञास समीकरण सुचत नाही, आणि वस्तीत फिरणाऱ्या डॉक्टरास जे दिसते ते दोघांनाही दिसत नाही. तिघांनी एकत्र बसावे, यावाचून गत्यंतर नाही.

अशा एकत्र बसण्याचे एक नामांकित उदाहरण म्हणजे मार्च १९८२ मध्ये बर्लिन येथे भरलेली दालेम चर्चासभा. तेथे व्याख्यानांची रीत नव्हती. निबंध अगोदर वाचून यावयाचे आणि लहान गटांत बसून त्यांवर वाद करावयाचा, असा परिपाठ होता. जीवशास्त्रज्ञ, वैद्य व गणिती एकमेकांची भाषा तेथे शिकले. त्या चर्चेचा ग्रंथ रॉय अँडरसन व रॉबर्ट मे यांनी संपादित केला.

हजारो प्रतिनिधींच्या महापरिषदेत वक्त्यास मोजकी मिनिटे मिळतात, टाळ्या पडतात व सभा पुढे सरकते. चाळीस-पन्नास जणांच्या बैठकीत तसे होत नाही. नवशिका विद्यार्थी जेवणाच्या पंगतीत ज्येष्ठ पंडितास 'तुमच्या समीकरणात उंदीर कोठे आहेत?' असे विचारू शकतो. परंतु ही बैठक चार-पाच दिवस चालावयाची असेल, तर घरी लहान मूल असलेल्या संशोधकाने काय करावे? ही अडचण विशेषतः माता असलेल्या विदुषींची आहे, आणि त्या आल्या नाहीत तर चर्चेतील एक डोळाच मिटतो. म्हणून काही परिषदांचे चालक आता मुलांच्या सांभाळाची सोय करतात, कुटुंबासह राहण्यास जागा देतात आणि सभा सायंकाळी लांबवीत नाहीत.

यात औदार्याइतकेच शहाणपणही आहे. साथ पसरते ती प्रामुख्याने घरात व शाळेत. युरोपातील ८ देशांत ७,२९० व्यक्तींकडून, दिवसभरात कोणाकोणाशी संबंध आला, याची टिपणे घेण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत असे दिसले, की शाळकरी मुले सर्वाधिक मिसळतात व तीही बहुधा समवयस्कांत. २०२० मध्ये कोविडच्या साथीत शाळा बंद ठेवाव्यात की नाही, याचा विचार करताना अशीच माहिती उपयोगी पडली. ज्या निर्णयाने कोट्यवधी मुले घरी बसतात, त्याचा हिशेब मांडणाऱ्यांच्या बैठकीत मुलांचा आवाज कानी पडत असेल, तर त्यात अनुचित ते काय?

रॉस यांच्या सहवासात मॅकेंड्रिक घडले, आणि मॅकेंड्रिक व कर्मॅक यांच्या सहकार्यातून तो निबंध जन्मास आला. विद्या अशी माणसांच्या संगतीतून वाढते. विद्यार्थिमित्रहो, गणिताच्या तासाला 'याचा उपयोग काय?' असा प्रश्न मनात आला, तर मुंबईच्या त्या साप्ताहिक आकड्यांचे स्मरण करा. त्यातील प्रत्येक अंक हे कोणाचे तरी माणूस होते. आणि पुढील साथीत तो अंक लहान राहावा, यासाठीच हे सारे गणित आहे.