जेवलाव का, सिस्टर?

माझं गाव श्रीरामपूर तालुक्यात, हरेगावच्या जवळ. जन्म कॅथलिक घरातला. वडील ‘निरोप्या’ मासिकाचे वर्गणीदार होते आणि घरात रोज संध्याकाळी जपमाळ व्हायची. नर्सिंग केलं, नोकरी लागली, आणि गेली चौदा वर्षं मी नांदेड जिल्ह्यातल्या हदगावात राहते. वय एक्कावन्न. लग्न केलं नाही आणि मठातही राहिले नाही. देवाचं आपल्यावर प्रेम आहे हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण ते रोजच्या जगण्यात ओळखायला मला हदगावानंच शिकवलं. शिकले ते असं.

१. उत्तर कधी कधी वाटी घेऊन येतं.

इथे आले त्याच वर्षी टायफॉइडनं आडवी झाले. खोलीत एकटी. रोज देवाला हाक मारायचे आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून रडायचे. घरमालकीण काकू माळकरी, पंढरीची वारी करणाऱ्या. सकाळ-संध्याकाळ त्या दार वाजवायच्या. “जेवलाव का, सिस्टर?” हातात ज्वारीच्या मऊ कण्या आणि ताक. मी नाही म्हटलं तरी वाटी रिकामी होईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायच्या. मी ज्याची वाट बघत होते ते आठवडाभर माझ्या दारात बसलेलं होतं, हे मला बरी झाल्यावर उमगलं. मग पुन्हा रडले, पण वेगळं.

२. मिस्सा लांब असला तरी रविवार आपलाच असतो.

मिस्सासाठी मी नांदेडला जाते. साठेक किलोमीटर, एसटीनं वारंगा फाटा, अर्धापूर करत. आमचा धर्मप्रांत १९७७ सालचा, त्याचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. अंतरं मोठी आणि आम्ही विखुरलेले. ड्युटी असली की जाणं होत नाही. पूर्वी मला ते पाप केल्यासारखं लागायचं. आता त्या दिवशी त्या रविवारची वाचनं बायबलमधून काढून वाचते. जाणं झालं तर जपमाळ गाडीतच होते. माळ घरी राहिली तर दहा बोटं आहेत, दहा ‘नमो मरिया’ त्यावर बरोबर बसतात. अर्धापूरच्या केळीच्या बागा दिसायला लागल्या की माझं पाचवं रहस्य चालू असतं.

३. ‘सिस्टर’ ही हाक मी आता पूर्ण घेते.

एकोणिसाव्या वर्षी मठात गेले होते. वर्षभरानं परत आले. ते माझं बोलावणं नव्हतं. पण परत आलेल्या मुलीकडे लोक कसे बघतात ते मी बघितलं आहे. सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला हरेगावी गेले की दर वर्षी कुणीतरी विचारायचं, “मठ नाही, लग्न नाही, मग काय?” ही यात्रा १९४९ पासून भरते. तिथे लाखोंच्या गर्दीत मी कितीदा तरी एकटी पडले आहे.

आणि इथे हदगावात भाजीवाल्यापासून बाळंतिणीच्या सासूपर्यंत सगळे मला सिस्टर म्हणतात. आधी ती हाक टोचायची. एका रात्री बाळंतपणाला एक मुलगी आली. नवरा ऊसतोडीला लांब गेलेला, सोबत फक्त म्हातारी आजी. पहाटेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही. बाळ रडलं तेव्हा ती म्हणाली, “सिस्टर, तुमी हुतात म्हणून.” तेव्हापासून ती हाक मला टोचत नाही.

४. एकट्या माणसासाठी वेगळा संस्कार नाही, कारण त्याची गरज नाही.

सात संस्कारांत विवाहाला एक आहे, धर्मगुरूंच्या दीक्षेला एक आहे. आमच्यासाठी नाही, याचं मला फार वर्षं वाईट वाटलं. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली स्पष्ट सांगितलं की पवित्रतेचं बोलावणं सगळ्यांना आहे. ते स्नानसंस्कारातच मिळतं. तो माझा झालेला आहे.

५. पंगतीत बसावं.

आमच्या तालुक्यात तामशाजवळ बारालिंग महादेवाचं ठाणं आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तिथे भाजी-भाकरीची पंगत असते. आसपासच्या गावांतून घरोघरच्या भाकरी येतात, नाना तऱ्हेच्या भाज्या येतात, सगळ्या भाज्या एकत्र शिजतात आणि हजारो माणसं जमिनीवर बसून जेवतात. काकूंनी एका वर्षी मला ओढूनच नेलं. परक्या देवाच्या दारी कसं जावं, असं मला वाटत होतं. बसले. डावीकडे एक शेतमजूर, उजवीकडे कुणाची तरी सून. माझ्या पुढ्यात आलेली भाकरी कुणी थापली ते मला कधीच कळणार नाही.

तेव्हा मला योहानाच्या शुभवर्तमानातला तो मुलगा आठवला, पाच भाकरी आणि दोन मासे आणणारा. योहान मुद्दाम सांगतो की त्या भाकरी जवाच्या होत्या. जव म्हणजे गरिबाचं धान्य, आपल्याकडे ज्वारी तसं. हा प्रसंग मी शंभरदा तरी ऐकला असेन. पण पाच हजार माणसं गवतावर बसून जेवली म्हणजे काय झालं असेल, ते मला तामशाला कळलं. माझी श्रद्धा तिथे जराही पातळ झाली नाही. उलट त्या वर्षीच्या उपवासकाळात, गावाबाहेर हळद शिजत असल्याचा वास हवेत होता तेव्हा, मी फार वर्षांनी मनापासून प्रार्थना केली.

६. रात्री दिवस उजळावा.

संत इग्नाशियसनी घालून दिलेली ही सवय वडिलांची होती. कडी लावताना दिवस पुन्हा डोळ्यांपुढून न्यायचा आणि देव कुठे भेटला ते बघायचं. काही रात्री कुठेच सापडत नाही. तसं सांगून झोपते. नाताळच्या रात्री मात्र शोधावं लागत नाही. माझी एक मुस्लिम सहकारी त्या दिवशीची माझी ड्युटी स्वतः मागून घेते. तिची ईदची मी घेते. बारा वर्षं हे चालू आहे.

तुमच्या धर्मग्रामात कुणी एकटं राहत असेल, तर त्यांना ‘लग्न का नाही’ हे विचारू नका. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांना घरी जेवायला घेऊन जा.