अंधारात कोणता रंग दिसतो?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास लेस्टरहून माझ्या आतेभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, फोन आला. आत्या त्याच्याकडेच राहते. वय ७४, दम्याचा त्रास जुना. त्या आठवड्यात पहाटे चारच्या सुमारास तिला धाप लागली. अंधारात पंप चाचपडताना तिचाच हात लागून तो उशाच्या टेबलावर मागे सरकला, आणि दादा जागा होऊन दिवा लावीपर्यंतची चार-पाच मिनिटे फार वाईट गेली. रात्रभर दिवा ठेवावा तर आत्याला उजेडात झोप येत नाही. म्हणून पंपालाच स्वयंप्रकाशी काचनळी बांधावी असे दादाने ठरवले होते. ट्रिशियम वायू भरलेल्या अशा नळ्या तिकडे किल्ल्यांच्या जुडग्याला लावण्यासाठी विकत मिळतात. रंग तेवढा ठरायचा होता. "तू मानसशास्त्र शिकतेस ना? मग सांग कोणता घेऊ," दादा म्हणाला.

मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "लाल."

खगोलनिरीक्षक लाल विजेरी वापरतात, लाल प्रकाशाने अंधाराला सरावलेली नजर बिघडत नाही, एवढे मी संवेदनाच्या प्रकरणात वाचले होते. दादाने लाल नळी आणली. पंधरा दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. "अगं, ती नळी शोधायलाच बॅटरी लागते," असे तो हसत म्हणाला खरा, पण मला हसू आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चुकीनंतर मी केलेला अभ्यास आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांना यातील काही भाग बाळबोध वाटेल, त्यांनी क्षमा करावी.

प्रथम ही नळी म्हणजे काय ते पाहू. ट्रिशियम हा हायड्रोजनचाच जड भाऊ. त्याच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात. हा संसार अस्थिर असल्याने केंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि मागे हीलियम उरतो. नळीच्या आतल्या बाजूला स्फुरद्रव्याचा लेप असतो. इलेक्ट्रॉन त्यावर आदळला की तो लेप चमकतो. जुन्या दूरदर्शन संचाच्या पडद्यामागे हेच चालत असे. तेथे इलेक्ट्रॉन विजेच्या जोरावर येत, येथे ते आपोआप येतात. त्यांचा जोर इतका बेताचा असतो की नळीची काच त्यांना सहज अडवते, आणि उघड्यावरही ते आपल्या कातडीच्या वरच्या मृत थरापलीकडे जात नाहीत. म्हणजे नळी धड आहे तोवर भय नाही. फुटली तर मात्र खिडक्या उघडून खोलीबाहेर पडावे, कारण वायू श्वासावाटे आत जाऊ देणे शहाणपणाचे नाही. दम्याच्या माणसाच्या उशाशी ती ठेवायची असेल, तर प्लॅस्टिकच्या जाड आवरणात बसवलेलीच घ्यावी.

ट्रिशियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे आहे. आज जेवढा प्रकाश आहे त्याच्या निम्मा बारा वर्षांनी, चौथा हिस्सा साधारण पंचवीस वर्षांनी. लेपही हळूहळू थकतो, म्हणून प्रत्यक्षात प्रकाश याहून थोडा लवकर उतरतो. मात्र निम्मा प्रकाश डोळ्याला निम्मा भासत नाही. ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याच्या प्रतीच्या हिशेबात सांगायचे तर फरक पाऊण प्रतीचाच पडतो.

आता कोणी विचारील, उजेडात धरली की रात्री चमकणारी साधी रेडियमची पट्टी का नको? आपल्याकडे चमकणाऱ्या कशालाही आपण रेडियम म्हणतो. रिक्षाच्या मागे चिकटवतात तेही रेडियमच! खरे रेडियम घड्याळांच्या तबकड्यांवर होते, आणि त्याची कहाणी भयंकर आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेत न्यू जर्सीमधील ऑरेंज या गावी तरुण मुली तबकड्यांवर रेडियमचा रंग भरीत आणि कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. रेडियम त्यांच्या हाडांत जाऊन बसले, जबडे कुजले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी १९२७ साली दावा लावला. १९२८ साली तडजोड झाली, पण तोवर प्रकृती हातची गेली होती. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे, तर त्याच्या माऱ्याने लेप मात्र काही वर्षांतच निकामी होतो. त्यामुळे त्या तबकड्या आज अंधाऱ्या आहेत, विष मात्र जवळजवळ तसेच आहे. या मुली आपल्याच वयाच्या होत्या, म्हणून थोडे विषयांतर केले.

आजच्या चमकत्या पट्टीत किरणोत्सारी काही नसते. दिवसा प्यायलेला प्रकाश ती रात्री परत देते, पण सुरुवातीला झगझगीत आणि मग झपाट्याने मंद. दम्याची धाप तर बहुधा पहाटेच्या प्रहरी अधिक सतावते, म्हणजे नेमकी पट्टी विझत आलेली असताना. शिवाय पंप दिवसभर पर्समध्ये राहिला तर पट्टीला प्रकाश मिळणार कोठून? म्हणून दादाची ट्रिशियमची निवड योग्यच होती. चूक रंगाची, आणि ती माझी.

डोळ्याच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. शंकुपेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अत्यल्प प्रकाशातही जाग्या असतात, पण त्यांना रंगाची जाण नाही. शंकुपेशींना सर्वांत तेजस्वी वाटतो तो सुमारे ५५५ नॅनोमीटर लहरलांबीचा पिवळसर हिरवा प्रकाश, तर दंडपेशींना सुमारे ५०७ नॅनोमीटरचा निळसर हिरवा. लाल टोकाकडे दंडपेशी जवळजवळ आंधळ्या असतात. बोहेमियाचा शरीरशास्त्रज्ञ पर्किन्ये याने १८२५ साली या फरकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. संध्याकाळी अंगणातल्या जास्वंदीकडे पाहावे. भर उन्हात पानांपेक्षा फूल उठून दिसते. दिवेलागणीला तेच फूल काळपट होते आणि पाने मात्र उजळ भासतात.

येथेच माझी गफलत उघडी पडते. लाल प्रकाशाने दंडपेशी दिपत नाहीत, कारण त्यांना तो दिसतच नाही! खगोलनिरीक्षकाला नकाशा वाचून पुन्हा आकाशाकडे पाहायचे असते, म्हणून त्याला लाल सोयीचा. आत्याला दुसरे काही पाहायचे नव्हते, तिला तो दिवाच दिसायला हवा होता. आणि या नळीचा प्रकाश मुळातच एवढा मंद की कोणत्याही रंगाने तिची नजर बिघडण्याची भीती नव्हती. ज्या कारणासाठी लाल रंग वापरतात ते कारण येथे लागूच पडत नव्हते. मी निष्कर्ष पाठ केला होता, त्यामागचा हेतू नव्हे.

नाताळच्या सुट्टीत गावी, भोरजवळ, मी एक ओबडधोबड प्रयोग केला. बुटांच्या खोक्यात विजेरी ठेवली. खोक्याला दोन भोके पाडून एकावर लाल आणि एकावर हिरवा जिलेटिन कागद लावला. उजेडातून नुकतेच अंधारात आल्यावर दोन्ही ठिपके सारखेच उजळ दिसतील अशा बेताने हिरव्यावर बटरपेपरचे तुकडे वाढवत गेले. मग दिवे घालवून आजी, धाकटा भाऊ आणि मी अर्धा तास बसून राहिलो. लाल ठिपका सुरुवातीची काही मिनिटे थोडा सुधारला आणि तेथेच थांबला. हिरवा मात्र वाढतच गेला, इतका की अर्ध्या तासाने दोन्ही एकदा सारखे दिसत होते यावर भावाचा विश्वास बसेना. शंकुपेशी साधारण दहा मिनिटांत अंधाराला सरावतात, दंडपेशींचा सराव अर्धा तास आणि त्याहूनही अधिक चालतो, हे पुस्तकातले वाक्य तेव्हा मला खरे कळले. झोपेतून उठणारा माणूस तर पूर्ण सरावलेल्या डोळ्यांनीच उठतो.

पुढे दोन्हीवर आणखी बटरपेपर चढवला. लाल अजिबात नाहीसा झाला. हिरवा राहिला, पण आजी म्हणाली, "हिरवा कुठाय? पांढरट काहीतरी दिसतंय." तिचे निरीक्षण अचूक होते. फार मंद झालेला प्रकाश दंडपेशींनाच दिसतो, आणि त्यांना रंग नाही. लाल याला अपवाद. तो दिसला तर लालच दिसतो, नाहीतर दिसतच नाही. आणखी गंमत म्हणजे त्या पांढरट ठिपक्याकडे रोखून पाहिले की तो गायब होई आणि जरा बाजूला पाहिले की परत येई. पडद्याच्या अगदी मध्यबिंदूत दंडपेशी नसतात, त्याचा हा परिणाम. कृत्तिकांचा पुंजका तिरक्या नजरेने पाहिल्यास अधिक भरगच्च दिसतो तो याचमुळे.

मग इतर रंग? दंडपेशींना निळा चांगला दिसतो, तेव्हा तो घ्यावा असे मला मध्यंतरी वाटले होते. पण निळ्या नळीचा प्रकाशच मुळात कमी असतो, आणि वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळे पडून निळा प्रकाश अडवते. चौऱ्याहत्तरीच्या आत्यासाठी तो बादच. पांढरा शोभिवंत असला तरी हिरव्याएवढा तेजस्वी नसतो. पिवळा हिरव्याच्या खालोखाल येतो, नारिंगी मध्यम. हिरव्याच्या बाजूने दोन गोष्टी एकदम येतात : हिरवे स्फुरद्रव्य चांगला प्रकाश देते आणि तो प्रकाश डोळ्याला मानवतो. काजव्यांचा प्रकाशही हिरवट पिवळाच असतो, हे जाताजाता नमूद करते.

स्वित्झर्लंडमध्ये बनणाऱ्या अशा नळ्या घड्याळांत बसवतात. तेथे बाकीचे आकडे हिरवे आणि बाराचा नारिंगी अशी योजना पुष्कळदा असते, वरची बाजू कळावी म्हणून. नळ्या नव्या असताना आणि घड्याळ डोळ्यांजवळ असताना ती ठीक आहे. पण खोलीच्या पलीकडून, चष्म्याशिवाय, रंगावरून वस्तू ओळखण्याचा भरवसा मी धरणार नाही. दादाला विजेरीलाही एक नळी लावायची होती. तिला वेगळा रंग न देता दोन हिरव्या नळ्या आडव्या लाव आणि पंपाला एकच उभी लाव, असे मी सुचवले. शिवाय बारीक ठिपक्याऐवजी लांब नळी घे, कारण अंधारात डोळा मोठ्या भागावरचा प्रकाश एकत्र करून पाहतो, आणि नळीमागे पांढरा कागद ठेव म्हणजे मागचा प्रकाशही पुढे येईल.

एक सावधगिरी येथील वाचकांसाठी. ही वस्तू किरणोत्सारी आहे. अमेरिकेत किल्ल्यांच्या जुडग्यासारख्या हौशी वापराला तिची परवानगी नाही. आपल्याकडे किरणोत्सारी पदार्थांवर अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियंत्रण आहे. तेव्हा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला "येताना चार आण" असे सांगू नये.

संक्रांतीला आत्याशी बोलणे झाले. पंपावर हिरवी नळी आली होती. मध्ये एकदा पहाटे पंप लागला, आणि हात सरळ त्यावरच गेला म्हणाली. "आपल्या गावच्या उंबरावर मिरगाच्या आधी काजवा बसायचा ना, तसा बसलेला असतो बघ." लाल नळी तिने कपाटाच्या किल्लीला बांधली आहे. मी दादाला हिरव्या नळीच्या डबीवर खरेदीची तारीख लिहून ठेवायला सांगितले. त्याने ती लिहिली आहे, आणि खाली बारा वर्षांनंतरचीही.