दुखणे दहापैकी किती?

दोन महिन्यांपूर्वी एका भजनी मंडळाचे पखवाजवादक दवाखान्यात आले. डावे मनगट अंगठ्याच्या बाजूने दुखत होते. किती दुखते, असे विचारले तर म्हणाले, "थोडंसं, डॉक्टर. एवढा सप्ताह पार पडू द्या." वादकांचे हे 'थोडंसं' मला चांगले ठाऊक आहे. वाजवताना दुखायचेच, ही त्यांची समजूत. शिवाय दुखते म्हटले तर पुढच्या वेळी दुसऱ्यालाच बोलावतील ही धास्ती.

म्हणून आकड्यात विचारले. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे कल्पनेतले सर्वांत भयंकर दुखणे. आत्ता किती? दोन. वाजवताना? जरा थांबून म्हणाले, "आठ." हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेल्या माणसाचे दुखणे दोनच असणार!

दुखणे मोजायला थर्मामीटर नाही. ज्याचे त्यालाच विचारावे लागते. दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करायला सांगण्याचीही पद्धत आहे. वयस्कर रुग्णांना मी सरळ "रुपयात किती आणे?" असे विचारतो. स्कॉटलंडमधील व्यावसायिक वाद्यवृंदांच्या वादकांवर पारखलेली एक प्रश्नावली २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात तीव्रतेचे चार प्रश्न आहेत आणि अडथळ्याचे पाच. माझ्या मते खरे महत्त्व दुसऱ्या भागाला. वाजवण्याची नेहमीची पद्धत बदलावी लागते का, हे विचारताच आमचे गृहस्थ बोलते झाले. डाव्या पुडीवरची थाप मनगटातून न देता खांद्यातून देत होते आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज दोन घेत होते. अशा गोळ्यांनी जठराला व्रण होतो, मूत्रपिंडावरही ताण येतो, हे त्यांच्या गावी नव्हते.

अंगठ्याच्या कंडरांना सूज होती. गोळ्या थांबवल्या, अंगठ्याला आधारपट्टी दिली, सप्ताहात निम्मा वेळ शिष्याला बसवायला सांगितले. आणि एक वही. रोज तीन आकडे: वाजवण्यापूर्वी, वाजवताना, दुसऱ्या दिवशी सकाळी. आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडू नये. त्याचे सहा तुमचे चार असतील. स्वतःच्याच आकड्यात दोनाचा फरक पडला, तर तो खरा समजावा. मात्र बोटे बधिर होत असतील, हातातून वस्तू निसटत असेल, तर आकडा तीन असला तरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

तीन आठवड्यांनी वही आली. वाजवतानाचा आकडा आठ, सात, सहा असा उतरत चारवर आला होता. मध्येच एका दिवशी नऊ. विचारले तर ओशाळून हसले. ती एकादशीची रात्र होती आणि शिष्य आलाच नव्हता.